उपाशी जिवाणू आणि निरगुडसरचं स्थळ

८ जुलै २००२, सोमवार

पुण्याहून आत्ताच अवसरीला घरी आले. राजगुरुनगरपर्यंत उभी, नंतर जागा मिळाली ती एका बाईच्या कोंबडीशेजारी. कोंबडी शांत होती. मी नव्हते.

प्रभुणे मॅडम म्हणजे माझ्या पीएच.डी.च्या गाइड. आवाज चढवत नाहीत, तेच वाईट. चहा देऊन म्हणाल्या, "स्नेहा, तुझा जिवाणू उपाशी राहतच नाही. मग उपाशी जिवाणू काय करतो हे तू लिहिणार कशावर? दिवाळीच्या सुट्टीनंतर मी स्वतः तुमच्या कॉलेजात येते. तेव्हा दाखव. नाहीतर विषय बदलू. माझ्याकडे दह्यातल्या जिवाणूंचा तयार विषय पडून आहे. नोकरी सोड आणि पुण्यात ये."

मला दह्यातले जिवाणू नकोत. मला माझाच हवा. राजुरीच्या कुंडलिकमामांच्या रानातून मी तो आणलाय. त्या रानात चुनखडी इतकी, की टाकलेलं फॉस्फेट चुन्याला चिकटून बसतं आणि पिकाला मिळतच नाही. आणि तिथे हा पठ्ठ्या मजेत राहतो! कसा? एवढाच माझा प्रश्न.

पुस्तकात लिहिलंय ते असं. असल्या जिवाणूला दोन कातडी असतात. बाहेरच्या कातडीला बारीक भोकं, दोन्हींच्या मधे बोळ, आणि आतल्या कातडीत पंप. फॉस्फेट भरपूर असेल तर साधा पंप पुरतो. टंचाई आली की जिवाणू दुसरी सगळी यंत्रणा उभी करतो. बोळात पकडणारी प्रथिनं सोडतो. ती येईल तो फॉस्फेटचा कण धरतात आणि आतल्या खास पंपाच्या हातात देतात. माझा राजुरीवाला हे करतो का, किती जोरात करतो, ते मला मोजायचंय. पण त्यासाठी आधी त्याला उपाशी ठेवायला हवं. मी बिनफॉस्फेटचं पाणी देते, आणि दुसऱ्या दिवशी तो वाढून दुप्पट झालेला असतो. खातो काय, देव जाणे. (बाबा म्हणतील, बौद्धाची पोर असून देवावर काय ढकलतेस, शोध की.)

११ जुलै

आई आज भाकरी थापता थापता म्हणाली, "निरगुडसरचं स्थळ आलंय."

मी म्हटलं, "येऊ दे आणि जाऊ दे."

"आगं पोरगा लई चांगलाय. कालेजात शिकवतो. त्यो तर तुमच्याच..."

"आमच्याच लायनीतला, कळलं. मला नको."

"नाव तरी ऐक की बया!"

मी कानात बोटं घातली आणि बावीस प्रतिज्ञा मोठ्यानं म्हणायला लागले. आईचे ओठ हलत राहिले. बाबा ओसरीवर पेपर वाचत होते, ते हसले. मी काही आयुष्यभर लग्न करणार नाही असं नाही. पण यंदा नाही. यंदा मला एकालाच सांभाळायचंय, आणि तो सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही.

१५ जुलै

नारायणगावच्या कॉलेजात आमच्या मायक्रोबायोलॉजीला कलरीमीटर नाही. रंग किती गडद ते मोजणारं हे यंत्र बोळाच्या पलीकडे केमिस्ट्रीत असतं, आणि केमिस्ट्रीत नवनाथ सर असतात. म्हणजे यंत्रासाठी मला रोज त्यांचं तोंड बघावं लागतं. तसं वाईट नाही तोंड. उंच, कमी बोलणारे, नारायणगावातच खोली घेऊन राहतात, रविवारी घरी जातात. घर मंचरच्या पुढे कुठेतरी आहे म्हणे. कधी विचारलं नाही.

आज वैताग होता म्हणून त्यांना स्थळाचं सगळं सांगून टाकलं. निरगुडसरचं नाव घेतलं आणि त्यांच्या हातातली पिपेट सटकून फुटली. काचेची ती! मी म्हटलं, माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं.

ते काचा गोळा करत म्हणाले, "न बघताच नको म्हणालात?"

"बघायचं काय? कॉलेजात शिकवतो म्हणजे घरीसुद्धा लेक्चर देणार."

"तेही खरंच," ते म्हणाले. मग फुटलेल्या पिपेटची नोंद रजिस्टरमध्ये करायला गेले. 

२६ जुलै

सगळं तपासायचं ठरवलंय. फॉस्फेट आहे की नाही हे कळायला सोपी युक्ती आहे. मॉलिब्डेट आणि थोडं व्हिटॅमिन सी घातलं की पाणी निळं होतं. जितकं फॉस्फेट, तितकं निळं. आज डिस्टिल्ड वॉटर तपासलं, पांढरंच, निळं नाही. मीठ, पांढरं. साखर, पांढरी. कापसाचे बोळे पाण्यात पिळून तपासले, तेही पांढरे. पण त्याच पाण्यात, त्याच साखरेमिठानं तयार केलेलं द्रावण फ्लास्कमध्ये शिजवून काढलं की निळं!

नवनाथ सर डबा खात बसले होते. म्हणाले, "सगळे साव आणि चोरी मात्र झालेली."

मी त्यांना जिवाणूच्या पंपाचं समजावून सांगितलं. पंप चालवायला ऊर्जा देणारं जे एटीपी असतं, त्यातसुद्धा फॉस्फेटच असतं. ते म्हणाले, "म्हणजे फॉस्फेट आणायला फॉस्फेटच खर्च?" मी म्हटलं, "खर्च नाही. सुटलेलं आतच राहतं, परत जोडता येतं." त्यांनी मान हलवली. एकदा सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहतं, हे मात्र मानलं पाहिजे.

२ ऑगस्ट

सापडलं!!

आज तपासायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून रिकामा फ्लास्क तपासला. धुऊन ठेवलेला, आरशासारखा. त्यात नुसतं डिस्टिल्ड वॉटर आणि थोडं ॲसिड घालून उकळलं, मग मॉलिब्डेट. निळं. शाईसारखं नाही, पण निळंच.

धुण्याची पावडर! तिच्यात फॉस्फेट असतं. आमचे सावळेरामभाऊ, लॅब असिस्टंट, काचेची भांडी इतक्या प्रेमानं घासतात की फेसच फेस. तो फेस काचेला थोडा चिकटून राहतो आणि माझा राजुरीवाला त्याच्यावर पोट भरतो. गेले कित्येक महिने मी त्याला उपाशी ठेवतेय असं समजत होते आणि तो साबणाच्या जेवणावळी झोडत होता!

सावळेरामभाऊंना सांगितलं तर त्यांचं तोंड उतरलं. "म्याडम, समद्या कालेजात येवढं चकचकीत कोण धुतं, सांगा बरं?"

"कोणीच नाही, भाऊ. तेच तर झालं."

"मंग आता घाण ठिवू व्हय?"

शेवटी ठरलं, पावडर बंद. पातळ ॲसिडमध्ये भिजवायचं आणि डिस्टिल्ड वॉटरनं विसळायचं. भाऊ म्हणाले, "म्हंजी फेस न्हाई?" त्यांना फार वाईट वाटलं. मग माझ्या फ्लास्कवर त्यांनी स्वतःच खडूनं लिहिलं: 'फेस मना'.

९ ऑगस्ट

राजुरीवाला उपाशी आहे. वाढ थांबली. काल जेवढा तेवढाच आज.

त्याला खरंच भूक लागलीय का हे बघायची आणखी एक खूण असते. उपाशी जिवाणू फॉस्फेट तोडून घ्यायचं एन्झाइम सोडतो. त्याला एक बिनरंगाचं रसायन द्यायचं, ते तुटलं की पिवळं होतं. मी ते घातलं आणि ओट्याशी उभी राहिले. हळूहळू, लिंबाच्या सरबतासारखं आधी, मग झेंडूसारखं पिवळं. मी एकटीच होते म्हणून ओरडले. तर बोळातून नवनाथ सर धावत आले, काय भाजलं की काय म्हणून, हातात वाळूची बादली! पिवळं बघून तेही हसायला लागले. पहिल्यांदाच मोठ्यानं हसलेले ऐकले. बरे हसतात.

१ सप्टेंबर, रविवार

आई गप्प आहे. स्थळाचं नाव काढत नाही. महिनाभर झाला असेल. मीच शेवटी विचारलं, "काय गं, निरगुडसरवाल्यांनी नाद सोडला का?"

"त्यांना घाई न्हाई म्हनलेत. पोरीचं काम आधी व्हऊ द्या म्हनला पोरगा."

"त्याला काय माहीत माझं काम?"

आई चुलीत काटक्या सारायला लागली. बाबा एकदम उठून बैलाला पाणी पाजायला गेले. बैलाला नुकतंच पाजलं होतं.

खरं सांगायचं तर थोडा राग आला. मी नको म्हणते ते ठीक, पण समोरच्यानं निदान चिकाटी तरी दाखवावी की नाही? मग स्वतःचंच हसू आलं. कधीही न बघितलेल्या माणसावर रुसले मी.

२० सप्टेंबर

मूड घाण. पिवळं झालं, भूक लागली, सगळं खरं. पण मुख्य गोष्ट होत नाहीये. पोटभर खाल्लेले आणि उपाशी ठेवलेले, दोघांना धुऊन सारखंच फॉस्फेट दिलं. उपाशी जास्त जोरात ओढतील, त्यांच्या पाण्यातला निळा रंग लवकर विरेल. निदान तसं व्हायला हवं. दोन्ही पाणी सारखीच निळी. पुन्हा केलं, तेच.

बहुतेक माझा राजुरीवाला साधाच आहे. खास पंप वगैरे काही नाही त्याच्याकडे. बहुतेक मीही साधीच आहे. दह्यावर काम करावं लागेल, पुण्यात खोली बघावी लागेल, आई-बाबांना सोडावं लागेल. नवनाथ सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "पुण्यात?" एवढंच. आणि कलरीमीटर पुसत बसले, तो स्वच्छ असूनही.

२३ सप्टेंबर

मूर्ख मी! एवढं फॉस्फेट ओतल्यावर साधा पंपसुद्धा भराभर ओढणारच, आणि उरतंही इतकं की थोडं कमी झालेलं निळ्यात दिसायचं नाही. खास पंपाची करामत दिसायची असेल तर फॉस्फेट द्यायचं अगदी चिमूटभर, जिथे साधा पंप चाचपडत बसेल. हे मला एसटीत सुचलं, मंचरच्या अलीकडे. कंडक्टरनं तिकीट विचारलं तर गावाऐवजी चिमूटभराचं माप, "मायक्रोमोलर", म्हणाले. तो म्हणाला, "कुठं आलं ते?"

२५ सप्टेंबर

दिसलं. उपाशींच्या नळीतला निळा फिकटला. पोटभरल्यांचा तसाच.

आजची नोंद एवढीच. 

१५ ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन

बाबांबरोबर सकाळी विहारात. गर्दी होती. पलीकडे पुरुषांच्या रांगेत नवनाथ सर पांढऱ्या शर्टात! इकडे कुठे, विचारलं. "आलो सहज," म्हणाले. बाबांनी त्यांना जयभीम करून घरीच आणलं. आईनं पुरणपोळी केली होती, त्यांना चार वाढल्या आणि मला विचारलंसुद्धा नाही. वर "सर, तूप घ्या की, लाजू नगा." मी म्हटलं, आई, ते माझे सहकारी आहेत, पाव्हणे नाहीत. आईला ठसका लागला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

जसंच्या तसं लिहून ठेवते.

प्रभुणे मॅडम येणार, आणि सकाळी कॉलेजात पाय ठेवते तर वीज गेलेली. जिवाणूंना हवा मिळावी म्हणून फ्लास्क हलवत ठेवणारं शेकर बंद. कलरीमीटर बंद. नळ्या फिरवून जिवाणू तळाशी बसवणारं सेंट्रिफ्यूज बंद. वायरमनला फोन केला, तो म्हणाला, राव, डीपीच जळालाय, संध्याकाळपर्यंत विसरा.

मी स्टुलावर बसून रडणार होते. तेवढ्यात बाबा डबा घेऊन आले, कारण मी तो घरी विसरले होते. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, बंद पडलेलं बघून त्यांना हुरूप येतो. "हालवायचंच हाय ना? मंग हातानं हालवू." फ्लास्क उचलून हलवायला लागले, इंजिन रिकामं चालावं तसं एका लयीत. सावळेरामभाऊंनी दुसरा घेतला. नवनाथ सर त्यांच्या स्टोअरमधून हातानं फिरवायचं जुनं सेंट्रिफ्यूज घेऊन आले, ओट्याला आवळलं आणि फिरवायला लागले. शर्ट घामानं चिकटला. बाबा म्हणाले, "द्या हिकडं जावय... जाऊ द्या, तुमी दमला आसाल." फ्लास्क हलवून हलवून बाबांची जीभसुद्धा अडखळत होती.

मॅडम दारात आल्या त्या असं सगळं चाललेलं असताना.  पर्स ठेवली आणि म्हणाल्या, "मोजणार कशानं?"

मी म्हटलं, "डोळ्यांनी."

खिडकीत पांढरा कागद लावला, त्याच्यापुढे नळ्यांचा स्टँड. एका बाजूला पोटभरल्यांच्या, दुसऱ्या बाजूला उपाशींच्या. चिमूटभर फॉस्फेट दिलं. थोड्या थोड्या वेळानं पाणी काढायचं, सर फिरवणार, मी वरचं पाणी घेऊन मॉलिब्डेट घालणार. पोटभरल्यांची पहिली नळी निळी, दुसरी निळी, शेवटची निळी. उपाशींची पहिली निळी, दुसरी आभाळासारखी फिकी, तिसरी... कागद दिसला. नुसता पांढरा कागद.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "पुन्हा कर."

पुन्हा केलं. पुन्हा कागद.

मग त्यांनी बाबांना विचारलं, "तुम्ही कोणत्या विभागात?" बाबा फ्लास्क न थांबवता म्हणाले, "राज्य परिवहन."

विषय टिकला. नोकरी टिकली. वर मॅडम म्हणाल्या, उन्हाळ्यात बंगळूरला जा. तिथे किरणोत्सारी फॉस्फेट वापरून कण कण मोजता येईल, आत किती गेलं, कसं गेलं. निदान सहा महिने. मी हो म्हणाले. नवनाथ सर सेंट्रिफ्यूज काढून ठेवत होते. तेही "अभिनंदन, मॅडम" म्हणाले, ओट्याकडे बघून.

२१ नोव्हेंबर

आता निरगुडसरचा निकाल लावते. त्या मुलानं माझ्यासाठी इतके महिने थांबायचं आणि मी बंगळूरला निघून जायचं, हे बरोबर नाही. आई-बाबांकडून निरोप गेला की त्याचं भलतंच होतं. मी स्वतः जाऊन तोंडावर सांगणार. एकटीनं जायला कसंतरी वाटतं, म्हणून नवनाथ सरांना म्हटलं, उद्या दुपारी लेक्चर नाही, तुमच्या एम-एटीवर सोडाल का? त्यांचा चेहरा पडला. "मला आधी काही बोलायचंय." मी म्हटलं, वाटेत बोला.

२२ नोव्हेंबर

वाटेत ते बोलत होते. एम-एटीच्या आवाजात मला "मॅडम" आणि "खरं म्हणजे" एवढंच ऐकू आलं. तीन वेळा "काय?" म्हटल्यावर त्यांनी नाद सोडला. निरगुडसरला मी म्हटलं, कोणालातरी घर विचारू. ते म्हणाले, "नको." सरळ एका घरापुढे गाडी लावली. अंगणात एक बाई शेंगा वाळत घालत होती. मान वर करून म्हणाली, "आरं नवनाथ, आज कसा काय मदल्या वारी?" मग माझ्याकडे बघितलं आणि पदर सारखा केला. "आवं, ही अवसरीची..."

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. त्यांना नमस्कार केला, "नंतर येते" म्हणाले आणि तरातरा रस्त्यावर आले. सर मागे.

"सगळ्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"तुमच्या आई-बाबांना. माझ्या आईला."

"सावळेरामभाऊंना?"

"मी नाही सांगितलं. त्यांना कळलं."

"आणि मी तुमच्यासमोर तुम्हालाच नावं ठेवत होते!"

"तुम्ही नाव न ऐकताच नको म्हणालात. मी सांगितलं असतं तर तुम्ही केमिस्ट्रीत यायचं बंद केलं असतं. काम थांबलं असतं."

"माझं काम तुमच्या कलरीमीटरवर चालतं, तुमच्यावर नाही!"

"ते खरंच," ते म्हणाले. "पण सांगायला हवं होतं. काल तरी. चुकलो."

वाद घालणाऱ्या माणसाशी भांडता येतं. कबूल करणाऱ्याशी काय करायचं? मी मिळाली ती जीप धरली आणि घरी आले. 

२६ नोव्हेंबर

केमिस्ट्रीत गेले नाही. काम होतं तरी गेले नाही. सावळेरामभाऊ दोनदा आले आणि धुतलेलेच फ्लास्क परत धुवायला घेऊन गेले.

मी चिडलेय, कारण मला वेड्यात काढलं. पण कोणी काढलं? त्यांनी काढलं असतं तर ते हसले असते. एकदाही हसले नाहीत. फक्त पिवळा रंग आला तेव्हा हसले.

२८ नोव्हेंबर

आज गेले. ते बाटल्यांना लेबलं लावत होते. मी दारातूनच म्हटलं, "बंगळूरला मी सहा महिने जाणार. कदाचित जास्त."

"जायलाच हवं."

"परत आल्यावरही माझं कामच आधी असेल."

"मॅडम, तुमचं काम मी रोज बघतोय," ते म्हणाले. "त्यामुळेच तर..." आणि कान लाल झाले, अगदी खरेखुरे लाल. मी कलरीमीटर मागितला, रीडिंगं घेतली. एक रीडिंग चुकीचं लिहिलं, त्यांनी ते बोटानं दाखवलं.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी आई तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसून म्हटलं, "निरगुडसरच्या लोकांना या म्हणावं."

आईच्या हातातलं सूप थांबलं. बाबांनी पेपर खाली केला. आई म्हणाली, "आता आनि कशाला यायचं त्यांनी? बघून झालंय की त्यांचं."

मी म्हटलं, "त्यांचं झालंय. माझं बघायचं राहिलंय."